एकशे तेरा पानं

माझ्या एका लेखाबद्दल मला माफी मागायची आहे. ज्यांची मागायची, त्या २०१८च्या जुलैमध्ये गेल्या. त्यांनी तो लेख वाचला असण्याची शक्यता जवळजवळ नाही. मुंबईत आम्ही चित्रकला शिकणाऱ्या पाच-सहा जणांनी एक चक्रमुद्रित अनियतकालिक चालवलं होतं, त्यात तो आला. दीडशे प्रती निघायच्या आणि त्यातल्या निम्म्या आमच्याच खोल्यांवर पडून राहायच्या. तेव्हा लेखाने कुणाचं काही बिघडवलं असेल असं नाही. पण त्यातलं मत मी पुढे चाळीसेक वर्षं बाळगलं. शाळेत चित्रकला शिकवताना, शिबिरांत बोलताना ते माझ्या विद्यार्थ्यांच्या हाती देत राहिले. ते मात्र पसरलं असणार.

लेख १९७९चा, मी तेव्हा एकवीस वर्षांची. मथळा होता ‘राजवाड्यातला छंद’. विषय सावंतवाडीच्या गंजिफा, आणि रोख होता तो राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोंसले यांच्यावर. मी मूळची सावंतवाडीची, म्हणून या विषयावर बोलायचा आपल्याला जास्तच हक्क आहे अशी माझी समजूत होती. मी लिहिलं होतं की संस्थानं गेली, १९७१ मध्ये तनखेही बंद झाले, आता राजवाड्याला वेळ घालवायला काहीतरी हवं म्हणून एक मेलेला खेळ उकरून काढला आहे. ज्या खेळाला खेळणारे उरले नाहीत त्याची पानं रंगवत बसणं म्हणजे प्रेताच्या अंगावर दागिने घालणं. या शेवटच्या वाक्याचा मला फार अभिमान होता. मित्रांनी ते पाठ केलं होतं.

गंजिफा म्हणजे काय हे आता सावंतवाडीबाहेर थोडं सांगावं लागतं. हाताने रंगवलेले, गोल आकाराचे पत्ते. खेळ इराणकडून मुघलांबरोबर आला. बाबराने १५२७ साली आपल्या एका स्नेह्याला गंजिफांचा जोड पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या दरबारात बारा रंगांचा, एकशे चव्वेचाळीस पानांचा डाव होता हे ‘ऐन-ए-अकबरी’त वाचायला मिळतं. इथे आल्यावर खेळाने इथले देव घेतले. आमच्याकडची दशावतारी गंजिफा दहा रंगांची. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेक अवतार म्हणजे एकेक रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशी बारा पानं. एकूण एकशे वीस. संस्थानाचे राजे तिसरे खेमसावंत यांच्या काळात तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांनी हा खेळ सावंतवाडीत आणला असं सांगतात. ओडिशात, बंगालमधल्या बिष्णुपुरात, म्हैसुरात त्याच खेळाची भावंडं आहेत, प्रत्येकाचा तोंडवळा निराळा.

माझ्या लेखात यातलं काहीच नव्हतं. ही माहिती मला तेव्हा नव्हती आणि ती मिळवावी असंही वाटलं नव्हतं.

वाटायला हवं होतं, कारण घरात गंजिफा होत्या. आजी माहेराहून येताना सरकत्या झाकणाची एक लाकडी पेटी घेऊन आली होती, तिच्या आजोबांची. पेटीवर लाखेचं काम, कोपरे झिजून लाकूड उघडं पडलेलं. दुपारची भांडी झाली की आजी पडवीत जुनं लुगडं पसरायची आणि त्यावर एकशे वीस पानं पालथी ओतून दोन्ही तळव्यांनी कालवायची. गोल पानं आपल्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, ती अशीच कापडावर मिसळायची असतात. त्या वेळी होणारा आवाज मला अजून ऐकू येतो. तांदूळ पाखडताना होतो त्याच्या जवळचा, पण जड. शेजारच्या दोघी-तिघी यायच्या. उन्हं असेपर्यंत ज्याच्या हातात रामाचा राजा त्याची उतारी, दिवेलागण झाली की कृष्णाच्या राजाची. “दिसाचो राम, रातीचो कृष्ण,” आजी आम्हा मुलांना शिकवायची. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का हलका, उरलेल्या पाचांत नेमकं उलटं, एक्का मोठा आणि दश्शी हलकी. कुठलं पान पडलं, कुठलं राहिलं, एकशे वीसच्या एकशे वीस तिच्या डोक्यात असायची. ती चौथीपर्यंत शिकलेली होती.

मी लेख लिहिला त्याच वर्षी मे महिन्यात सुट्टीला घरी आले आणि तिला तो वाचून दाखवला. तिने कौतुक करावं अशी अपेक्षा होती. ती कोकमं फोडत होती. ऐकून घेतलं, बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग कोकमावरची नजर न काढता म्हणाली, “राणीन चिताऱ्याक गुरू केल्यान. तुका तां दिसूक नाय गो?”

मला ते तेव्हा खरंच दिसलं नाही. मी मनात म्हटलं, आजी जुन्या काळातली, राजवाड्याचं नाव निघालं की हात जोडणारी.

काय झालं होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. छापील बावन्न पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर गंजिफांचं गिऱ्हाईक हळूहळू संपलं. महिना-महिना खपून रंगवलेला एकशे वीस पानांचा जोड कोण घेणार? चितारआळीत खेळणी होत होती, पांगाऱ्याच्या लाकडाची फळं-भाज्या होत होत्या, पाट, देव्हारे, पाळणे लाखेने रंगवले जात होते. गंजिफा मात्र कुणी करत नव्हतं. ती रीत पूर्ण ठाऊक असलेले पुंडलिक चितारी तेवढे उरले होते आणि ते खूप वृद्ध होते. सत्त्वशीलादेवी आणि त्यांचे पती शिवरामराजे यांनी त्यांच्याकडून ती रीत शिकून घेतली. नंतर राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच काम सुरू झालं, गावातली तरुण मुलं-मुली तिथे शिकायला बसू लागली, त्यात चितारी घराण्याबाहेरचीही होती. राणीसाहेब स्वतः त्यांच्यात बसून रंगवायच्या. हे सगळं सत्तरच्या दशकातलं, म्हणजे मी लेख लिहिला तेव्हा चालू असलेलं. मी फक्त राजवाडा पाहिला. त्या हॉलमध्ये कोण कुणाकडून शिकत होतं, इकडे माझं लक्ष गेलं नाही.

एकदा गेले होते. १९८३ची दिवाळी असावी. बरोबर मुंबईची मैत्रीण होती, तिला दाखवायला. मोती तलावाच्या काठाने चालत राजवाड्यात गेलो. दरबार हॉलच्या कडेला चटयांवर सात-आठ जण काम करत होते. एक मुलगी माझ्याहून लहान, नाकाच्या शेंड्याशी पान धरून काळी रेघ ओढत होती. रेघ संपेपर्यंत तिने श्वास घेतला नाही. आम्ही पाहत होतो म्हणून तिथले एक गृहस्थ म्हणाले, “थांबा, दुपारनंतर राणीसाहेब येतील कामाला. त्या सांगतात नीट, विचारा काय विचारायचं ते.”

आम्ही थांबलो नाही. मला थांबायचं नव्हतं. मी काय विचारणार होते? माझं मत तयार होतं, छापूनही झालं होतं, आणि समोर माणूस बसला की ते सांभाळणं अवघड जाईल हे मला आतून कळत होतं. मैत्रिणीला मी जेवायला उशीर होतोय असं सांगितलं. पुढची पस्तीस वर्षं ‘सावंतवाडीच्या गंजिफा’ असा विषय निघाला की मी त्या भेटीचा दाखला द्यायचे, “मी स्वतः जाऊन पाहिलंय,” असं म्हणायचे. तिथे मी जास्तीत जास्त वीस मिनिटं होते.

आजी १९८६ मध्ये गेली. पेटी धाकट्या काकूकडे राहिली. २०१६ मध्ये घर विकलं तेव्हा काकूने ती माझ्याकडे पाठवली, तू चित्रकलेची, तुझ्याकडे असूदे म्हणून. मी ती पुण्याच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली.

मग २०१८चा जुलै. बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर होती. राजमाता सत्त्वशीलादेवी भोंसले यांचं निधन. वय ऐंशीच्या पुढे. बडोद्याच्या गायकवाडांच्या घरात जन्म, सावंतवाडीत संसार, १९९५ मध्ये शिवरामराजे गेल्यानंतरची तेवीस वर्षं. वाचताना मी तो आकडा पेन्सिलने पेपरच्या कडेला लिहून पाहिला. जोडीने सुरू केलेलं काम एकटीने तेवीस वर्षं पुढे नेणं हे कुणाच्या छंदात बसतं? छंद कंटाळा आला की सुटतो, माणूस गेलं की सुटतो. माझे स्वतःचे किती सुटले ते मला माहीत आहे. सिरॅमिक सुटलं, छापे काढणं सुटलं, निसर्गचित्रं सुटली. मी हिशेब केला. १९७०च्या दशकापासून २०१८पर्यंत धरलं तर चाळीसहून अधिक वर्षं झाली. माझी सगळी नोकरी तेवढी नव्हती.

त्या संध्याकाळी मी पेटी खाली काढली. लुगडं नव्हतं, चादर पसरली, पानं ओतली आणि रंगवार लावायला बसले. रात्रीचे अकरा वाजले. एकशे तेरा भरली. सात नव्हती. वराहाचा वजीर, परशुरामाची दश्शी आणि चव्वी, रामाची तिर्री, बौद्धाची दुर्री आणि सत्ती, कल्कीचा एक्का. कधी हरवली, उंदरांनी नेली की आम्हा मुलांनीच, कुणास ठाऊक. एकशे तेरा पानांनी डाव मांडता येत नाही.

मला वाटलं, सातच तर आहेत. आपण रंगवू. चाळीस वर्षं हातात कुंचला आहे.

पुढची दोन वर्षं मी त्या सात पानांशी अधूनमधून झुंजत होते, आणि २०२०च्या टाळेबंदीत तर रोज. ही झुंज जरा सविस्तर सांगते, कारण माझं मत बदललं ते तिथे. बातमी वाचून मला नुसतं वाईट वाटलं होतं.

आधी पुठ्ठा घेतला. चांगला, जाड, दुकानातला. गोल कापला, पोस्टर रंगाने रंगवला, वर वॉर्निश. आजीच्या पानांशेजारी ठेवला तर औषधाच्या बाटलीच्या झाकणातली चकती वाटली. वजन नाही, आवाज नाही, बोटांत धरल्यावर पान काही बोलत नाही. मग शोधाशोध केली, वाचलं, आणि रीतीने करायला घेतलं. चिंचोके भाजून, सालं काढून, भिजवून, वाटून, शिजवून खळ केली. त्या खळीने कागदाचे थर एकावर एक डकवले. पहिली खेप वाळताना वाकली, वाटीसारखी खोलगट झाली. दुसरी वजनाखाली वाळवली, ती सपाट राहिली पण पावसाळा होता, आठव्या दिवशी आतून बुरशी धरली आणि थर सुटले. तिसऱ्या खेपेला ऊन मिळालं. मग त्यावर खळीत कालवलेल्या खडूचा लेप, वाळवून परत लेप, आणि गुळगुळीत दगडाने घोटाई. घोटायला मी नर्मदेतला एक गोटा वापरला. किती घोटायचं? पुस्तकात लिहिलं होतं ‘चकाकी येईपर्यंत’. चकाकी तर तिसऱ्या मिनिटालाच आल्यासारखी वाटते. मी तेवढ्यावर थांबले. रंग लावला तर तो आत शोषला गेला आणि परशूची कड फुटली. पुढच्या वेळी अर्धा तास घोटलं, मनगट दुखायला लागलं, तर एका जागी लेपच उडाला. नेमकं कुठे थांबायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. ते शेजारी बसलेल्या माणसाने “आता बस” म्हणावं लागतं.

आजी म्हणायची, “पान आपसूक सरकाक व्हया.” आपसूक सरकलं पाहिजे. लहानपणी मला हे खेळण्याविषयीचं बोलणं वाटायचं. ते बनवण्याविषयीचं होतं. पान पानावरून घसरतं ते घोटाईमुळे आणि वरच्या लाखेमुळे. चाळीस पानं एका हातात पंख्यासारखी धरायची तर ती पातळही हवीत आणि वाकताही कामा नयेत. एका सपाट गोलात काय काय साधायचं असतं ते मला तेव्हा कळलं. रंगकामाकडे तर मी अजून आलेच नव्हते.

ते आलं तेव्हा परशुरामाच्या दश्शीने माझी परीक्षा घेतली. सव्वादोन इंचांचा गोल, त्यात दहा परशू, सगळे सारखे, आणि खेळणाऱ्याला न मोजता दिसलं पाहिजे की हे दहा आहेत. नऊ आणि दहा यांतला फरक एका नजरेत कळावा यासाठी मांडणी लागते. जुन्या पानांत ती इतकी सहज होती की मी चाळीस वर्षं त्याला ‘सजावटीची पुनरावृत्ती’ म्हणत आले होते. हे शब्द माझ्या लेखात आहेत. आता भिंग घेऊन पाहिलं तर एकही परशू दुसऱ्यासारखा हुबेहूब नव्हता. दांडा एकाच ओघात, कुंचला न उचलता ओढलेला. त्या माणसाने असे हजारो परशू काढले असणार. मी अठ्ठेचाळीस काढले आणि त्यातला एकही पेटीत ठेवण्याच्या लायकीचा झाला नाही.

याच काळात एकदा, भिंग बाजूला ठेवून डोळे चोळताना, आजीचं वाक्य ऐकू आलं. राणीन चिताऱ्याक गुरू केल्यान.

एक्केचाळीस वर्षांनी मला त्याचा अर्थ लागला. मी त्या वाक्यात ‘राणी’ हा शब्द ऐकला होता. आजीने जोर दिला होता तो ‘गुरू’वर. बडोद्याच्या राजकन्येला कलेची आवड असणं यात विशेष काय? ज्या घराने राजा रविवर्म्याकडून चित्रं करवून घेतली त्या घरात ती जन्मली. चित्रं विकत घेता आली असती, जुने गंजिफांचे जोड काचेच्या कपाटात ठेवता आले असते, चिताऱ्यांना वर्षासन देऊन राजाश्रय म्हणता आलं असतं. ते सगळं राजेरजवाड्यांनी नेहमी केलं आहे, आणि माझा लेख त्याला लागू पडला असता. पण शिकायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे त्या म्हाताऱ्या कारागिरासमोर कबूल करायचं. त्याने “हे पुसा, परत करा” म्हटलं की पुसायचं. वाकलेलं पान, बुरशी, फुटलेली कड, हे सगळं आपल्या हाताखालून जाऊ द्यायचं. तसं केल्याशिवाय “आता बस” म्हणणारं माणूस पुढच्या पिढीला मिळत नाही. एकशे वीस पानांची चित्रं छायाचित्रांत जपता आली असती. ही घोटाई छायाचित्रात येत नाही.

आणि मी? चित्रकलेची पदवी, शिक्षकी, शिबिरं, व्याख्यानं. चितारआळी माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होती. मी कारागिरांची बाजू घेऊन राजवाड्यावर टीका केली, पण त्या आळीतल्या एकाही घराच्या ओसरीवर शिकायला जाऊन बसले नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि ती वाटावी असंच आहे.

अजून एक गोष्ट सांगून टाकते. लेख लिहिला त्याच काळात मी कमलादेवी चट्टोपाध्याय यांची निस्सीम भक्त होते. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या त्या अध्यक्ष, देशभर फिरून त्यांनी बुडत चाललेल्या कारागिरांना हात दिला. त्यांच्यावर मी वर्गात डोळ्यांत पाणी येईपर्यंत बोलायचे. मग आपल्याच गावात एक बाई एका कलेपुरतं तेच करत होती, तिला मी ‘छंद’ का म्हटलं? कारण ती राणी होती. दुसरं कुठलंही कारण मला सापडत नाही. गरिबीत काम करणाऱ्याची निष्ठा आपण न तपासता मान्य करतो. राजवाड्यातल्या माणसाने चाळीस वर्षं दिली तरी आपण पुरावा मागतो. मी तर दिलेला पुरावाही पाहिला नाही. दुपारनंतर त्या येणार होत्या आणि मला जेवायला उशीर होत होता.

माझ्या जुन्या लेखातली सगळीच बाजू मी मागे घेतलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. खेळ घराघरांतून गेला, हे मी लिहिलं होतं आणि ते आजही खरं आहे. आज गंजिफा घेणारे बहुतेक जण त्या भिंतीवर लावतात. चौकटीत बसवलेला रामाचा राजा पाहिला की मला अजून कसंसं होतं, पान पालथं पडायला हवं, कालवलं जायला हवं, कुणाच्या तरी घामेजल्या हातात हरायला हवं असं वाटतं. पण याचा दोष मी ज्यांच्या माथी मारला होता त्यांच्याकडे तो नव्हता. पानं असली तर कुणीतरी कधीतरी खेळेल. पानं करणारा हातच नसला तर खेळायची इच्छा होऊनही उपयोग नाही. चादरीवर एकशे तेरा पानं मांडून बसलेली मी, हे त्याचं उदाहरण.

टाळेबंदी उठल्यावर मी सावंतवाडीला गेले. राजवाड्याच्या एका भागात आता घरच्याच पुढच्या पिढीने छोटं हॉटेल केलं आहे, त्याच्या भिंतींवर गंजिफांची चित्रं. दरबार हॉलमध्ये काम चालू होतं. मी पेटी उघडून माझी पानं दाखवली, हरवलेल्या सातांची यादी दिली. काम करणाऱ्या बाईंनी आजीच्या परशुरामाची नव्वी उजेडाकडे तिरकी धरली, अंगठ्याने कड चाचपली आणि म्हणाल्या, “हात जुना आहे. रंग जुळवून देते, पण अगदी तस्सं नाही होणार.” मी माझी केलेली पानंही नेली होती. ती दाखवायचं धाडस शेवटी केलं. त्यांनी एक उचललं, घोटाईवर नख फिरवलं आणि एवढंच म्हणाल्या, “घाई झाली.”

मी तिथे संध्याकाळपर्यंत बसले. या वेळी मला कुठेही जायचं नव्हतं. बाई समोरच्या मुलाला मधूनमधून सांगत होत्या, कुंचला पूर्ण भरू नको, मनगट टेकव, बोटं नको हलवू. मला वाटलं, यातलं एखादं वाक्य तसंच्या तसं पुंडलिक चिताऱ्यांच्या तोंडचं असेल. त्यांच्याकडून राणीसाहेबांकडे, तिथून या बाईंच्या आधीच्या कुणाकडे, मग यांच्याकडे, आता या मुलाकडे. माझ्याकडे ते येऊ शकलं असतं. १९८३ मध्ये त्यासाठी दोन तास थांबायचं होतं.

सात पानं दोन महिन्यांनी टपालाने आली. लाखेचा वास होता. जुन्या एकशे तेरांत ती ओळखू येतात, नवी, लालजर्द, कड न झिजलेली. मी पेटी घेऊन धाकट्या बहिणीकडे कोथरूडला गेले. बहीण, तिची सून, बारा वर्षांची नात आणि मी. नियम मला अर्धेच आठवत होते, उरलेले बहिणीला. बाल्कनीत आईचं जुनं लुगडं पसरलं आणि एकशे वीस पानं पालथी ओतली. नातीला कालवायला सांगितलं. तिने दोन्ही तळवे टेकवले आणि तो आवाज झाला. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, आम्ही दोघी काही बोललो नाही.

वाटून झाली. रामाचा राजा सुनेकडे गेला होता, कृष्णाचा नातीकडे. सव्वासहा झाले होते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर ऊन होतं, आमच्या बाल्कनीतून मात्र ते गेलं होतं, आणि खाली रस्त्यावरचे दिवे लागत होते.

“आजी, सूर्य मावळला ना? मग माझी उतारी,” नात म्हणाली.

“अजून आहे की वर,” सून म्हणाली.

बहीण उठून कठड्याशी गेली आणि पश्चिमेकडे वाकून पाहू लागली.